पासिंगची गाडी

बेळगावच्या जुन्या गॅरेजांत 'फिटनेस सर्टिफिकेट' हा शब्द मी फारसा ऐकला नाही. शब्द एकच, पासिंग. 'गाडी पासिंगला आलीय', 'पासिंग झालं काय?', 'पासिंगला सोडली रे'. आमच्या घरी टॅक्सी होती, त्यामुळं दिवाळी-दसऱ्यासारखाच हाही आमच्या वर्षातला एक ठरलेला दिवस. फरक इतकाच, की दसऱ्याला नवे कपडे मिळायचे आणि पासिंगला घरातले पैसे जायचे.

भाड्याच्या गाडीला दाखला हवा, ही अट १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासूनची. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. गाडी त्याच गल्लीत उभी, मिस्त्री तोच, पाना तोच. पाटीवरची अक्षरं तेवढी बदलत गेली. १ जुलै १९८९ ला नवा, म्हणजे १९८८ चा कायदा लागू झाला आणि पुढे आम्ही केए-२२ वाले झालो. तेव्हा नव्या टॅक्सीला पहिली २ वर्षं सुट्टी असायची, मग दर वर्षी तपासणी व्हायची. घरच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यायची.

साहेब काय बघणार, हे नियमात लिहिलेलं आहे. हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. गॅरेजात ही यादी कुणी वाचलेली नव्हती, पण सगळ्यांना पाठ होती. पंधरा दिवस आधीपासून तयारी. बेळगावचा पाऊस म्हणजे पत्र्याचा वैरी. पायाखालचा पत्रा कुजलेला असायचा, तिथं गॅस वेल्डिंगनं ठिगळ. सायलेन्सरला दुसरं ठिगळ. फियाटच्या किंगपिनला ग्रीस, स्टिअरिंगचा प्ले कमी करणं, हँडब्रेकची केबल आवळणं. टॅक्सीत औषधांची पेटी ठेवायची, ती बहुतेकदा त्याच सकाळी भरली जायची. १९९० पासून धुराचं माप आलं. पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळून पेट्रोल कमी करायचा. तपासणी झाली, की कुणी न सांगता पुन्हा ढिला करायचा, कारण तशी गाडी चढाला दम टाकते.

आम्हा पोरांकडं एक काम होतं. चेसिस नंबरवर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची. अंक हळूहळू उमटत. एक जरी अंक फुटला तरी कागद परत.

आणि 'पासिंगचे टायर'! आमच्या गल्लीत चार बऱ्या टायरांचा एक संच होता. तो नेमका कुणाचा, हे शेवटी कुणालाच सांगता आलं नसतं. ज्याचं पासिंग त्याच्या गाडीला तो चढायचा, संध्याकाळी उतरायचा. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. नव्या टायरचे पैसे नव्हते, आणि दाखला नसला तर गाडी दारात. गाडी दारात म्हणजे चूल बंद.

मैदानावर भाषेची अडचण येईल असं बाहेरच्यांना वाटतं. फॉर्म इंग्रजी नाहीतर कन्नड, आमच्यातले कितीतरी ड्रायव्हर फक्त मराठी वाचणारे. ते काम एजंट करायचा. पण गाडीपाशी सगळं सोपं व्हायचं. साहेब म्हणायचे 'लाइट हाकी', 'ब्रेक हाकी', आणि दोन्हीकडच्यांना कळायचं. ब्रेक, लाइट, हॉर्न हे शब्द ना त्यांचे, ना आमचे. सीमाप्रश्नावर सभा गाजत होत्या त्या काळातही कन्नड साहेब आणि मराठी मिस्त्री एकाच बॉनेटखाली डोकं घालून उभे असलेले मी पाहिलेत.

हे सगळं गमतीचं वाटेल. पण एका वर्षाची गोष्ट सांगतो. पासिंगची तारीख दुसऱ्या दिवशीची. रंग लागलेला, टायर चढलेले. मिस्त्रीकाकांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "उजवीकडं ओढायलीय की." पुढचं डावं चाक खोललं. व्हील सिलिंडरचं रबर गेलेलं, ब्रेक ऑइल झिरपून लायनिंग ओलं. म्हणजे डावं चाक धरत नव्हतं, उजवं एकटंच धरत होतं. सामान गावात मिळेना. वडील म्हणाले, "लायनिंग पुसून घाला, उद्याचं भागवूया." काकांनी चाक बसवून द्यायला नकार दिला. "मैदानावर थांबंल हो. अनमोडात नाही थांबणार."

वडील चिडले, पण काकांचं गणित बरोबर होतं. मैदानावर गाडी रिकामी, ड्रम थंड, ब्रेक एकदाच दाबायचा. गोव्याच्या फेरीत आत पाच माणसं, टपावर सामान, आणि घाट उतरताना मैलोन्‌मैल ब्रेकवर पाय. ड्रम तापतात, ऑइल गळत असेल तर पेडल खाली खाली जातं. तारीख चुकली. सामान कोल्हापूरहून आलं. नवी तारीख मिळेपर्यंत आठ दिवस गाडी उभी राहिली. त्या आठवड्यात वाण्याची उधारी वाढली, हे मला आईच्या बोलण्यावरून कळलं होतं. पुढं मात्र वडील ठरलेलं वाक्य बोलायचे, "टायर उसने मिळतात, ब्रेक उसना मिळत नाही."

आमच्या मिस्त्री लोकांबद्दल 'जुगाडू' हा शब्द फार सहज वापरतात. जुगाड ते करायचेच. पण कुठं जुगाड चालेल आणि कुठं नाही, ही रेघ त्यांनी स्वतः आखलेली होती, आणि ती कुठल्याच फॉर्मवर नव्हती. साहेब वर्षातून एकदा बघायचे. चोर्ला, अनमोड आणि आंबोली दर फेरीला बघायचे.

आता काळ बदलला. १५ वर्षांवरच्या कारची नोंदणी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० रुपये झाली. २०२१ च्या नियमांनी यंत्रांची तपासणी केंद्रं आणली. तिथं रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. डावं-उजवं जे काकांना हाताला कळायचं, ते आता पडद्यावर आकड्यात दिसतं. काही जुने लोक नाकं मुरडतात. मला वाटतं, काकांना हे यंत्र आवडलं असतं. आमच्या वडिलांसारख्या घाईतल्या मालकाशी वाद घालायचा त्यांचा त्रास तरी वाचला असता.

उद्यमबाग, शहापूर, टिळकवाडीकडची जुनी गॅरेजवाली घरं हे वाचत असतील, तर तुमच्याकडच्या पासिंगच्या आठवणी खाली लिहा. आणि ते चार टायर शेवटी कुणाकडं राहिले, हे कुणाला माहीत असेल तर तेही सांगा की.