शब्दभिंतीचा पूर्वेतिहास

कर्जत तालुक्यातील कळंबच्या परिसरात आणि शेजारच्या खालापुरात ठाकूर व कातकरी समाजाच्या अनेक वाड्या असून, तेथील मुलांची घरची बोली आणि पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी यांत अंतर असल्याने ‘शब्दभिंत’, म्हणजे नेहमीचे शब्द सतत नजरेसमोर ठेवणारी वर्गातील भिंत, येथे विशेष मोलाची ठरते. पूर्वी पंतोजींच्या, म्हणजे जुन्या पद्धतीच्या गुरुजींच्या, शाळेत मूल धूळपाटीवर, म्हणजे धूळ पसरलेल्या फळीवर, अक्षरे गिरवी आणि मुळाक्षरे व बाराखडी घोटून झाल्यावरच शब्दांकडे वळे, त्यामुळे अर्थ फार उशिरा हाती येई. हा क्रम बदलण्याचे श्रेय एकाच व्यक्तीला देता येत नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांचा परिसर हेच शिक्षणाचे साधन मानले, तर फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मोजकी अक्षरे शिकवून त्यांतूनच लगेच अर्थपूर्ण शब्द घडवण्याची पद्धत रुजवली. शब्दभिंतीचे काम मात्र भाषेनुसार बदलते. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ अनेकदा बसत नसल्याने शब्दाचे रूपच लक्षात ठेवावे लागते. देवनागरीत ती अडचण फारशी नाही, म्हणून मराठी शब्दभिंतीचे खरे काम अर्थाशी ओळख करून देणे हे आहे. तेव्हा कळंबसारख्या ठिकाणी शिक्षकांनी या भिंतीवर प्रमाण शब्दांच्या शेजारी मुलांच्या बोलीतील शब्दही अवश्य लिहावेत.