गोवंडीत आव्हान देणारा का हरतो? प्रभाग १४१ पासून मानखुर्द-शिवाजीनगरपर्यंत

निवडणुकीचा निकाल लागला की गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत एकच प्रश्न फिरतो. एवढे लोक नाराज होते, पाणी नाही, गटारं तुंबलेली, मग तोच माणूस पुन्हा आला कसा? उत्तरं ठरलेली असतात. कोणी म्हणतं पैसे वाटले, कोणी म्हणतं मतं फुटली. पहिल्या गोष्टीवर पुराव्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. दुसरी खरी आहे, पण अर्धीच. म्हणून या लेखात आम्ही आपल्या इलाक्यातल्या काही निवडणुकांचे आकडे समोर ठेवून बघतो की खुर्चीवर बसलेल्या माणसाला हरवणं इथे एवढं अवघड का जातं, आणि ते कधी जमतं.

सुरुवात एका छोट्या निवडणुकीपासून करू. आज ती फारशी कोणाच्या लक्षात नसेल. मुंबई महापालिकेच्या प्रभाग १४१ ची पोटनिवडणूक ९ जानेवारी २०२० ला झाली. शिवसेनेचे विठ्ठल लोकरे यांना ४,४२७ मतं पडली, भाजपचे दिनेश पांचाळ यांना ३,०४२. फरक १,३८५ मतांचा. पांचाळ हरले, लोकरे आपल्याच जागेवर परत आले.

"आपल्याच जागेवर" म्हणायचं कारण असं. लोकरे याच प्रभागातून २०१७ मध्ये निवडून आले होते, पण काँग्रेसच्या तिकिटावर. पुढे ते शिवसेनेत गेले आणि जागा रिकामी झाली. त्यामुळे कागदावर पोटनिवडणुकीत कोणीच विद्यमान नगरसेवक नव्हता. मतदारांच्या दृष्टीने मात्र होता. पंजा गेला, धनुष्यबाण आला, माणूस तोच राहिला.

मधला टप्पा जास्त बोलका आहे. ऑक्टोबर २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत हेच लोकरे मानखुर्द-शिवाजीनगरमधून शिवसेनेचे उमेदवार होते. समोर समाजवादी पक्षाचे आमदार अबू आसिम आझमी. आझमींना ६९,०८२ मतं मिळाली, लोकरेंना ४३,४८१. म्हणजे आव्हान देणारे म्हणून लोकरे २५,६०१ मतांनी हरले आणि अडीच महिन्यांत आपल्या जुन्या प्रभागात उभे राहून जिंकले. ४३ हजार मतं घेऊन पराभव, साडेचार हजारांपेक्षा कमी मतं घेऊन विजय. मतदारसंघ लहान-मोठा असतो हे मान्य, पण एवढ्यानेच हा हिशेब संपत नाही.

पांचाळ यांच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विधानसभेला शिवसेना आणि भाजप युतीत होते, म्हणजे त्या वेळी लोकरे युतीचे उमेदवार होते. मग निकालानंतर युती तुटली, नोव्हेंबरच्या शेवटी महाविकास आघाडीचं सरकार आलं, आणि जानेवारीत भाजपला त्याच लोकरेंच्या विरोधात मत मागायचं होतं. ऑक्टोबरमध्ये ज्याला निवडून द्या म्हणायचं, त्यालाच जानेवारीत पाडा म्हणायचं. आव्हान देणाऱ्याच्या हातात "हा माणूस नालायक आहे" हे एकच हत्यार असतं, आणि तेच बोथट झालेलं होतं.

साडेचार हजार मतांचा नगरसेवक

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांच्या वर होती आणि महापालिकेत प्रभाग २२७. सरासरी काढली तर एका प्रभागात साधारण ५५ हजार माणसं येतात. त्या हिशेबाने ४,४२७ मतं म्हणजे शंभर माणसांमागे आठ. यात मुलं आली, मतदार यादीत नाव नसलेले आले, पोटनिवडणुकीला घरी बसलेले आले. तरी मुद्दा राहतोच. नगरसेवकाला सगळ्या प्रभागाची पसंती लागत नाही. त्याला स्वतःची चार-पाच हजार पक्की माणसं लागतात, आणि बाकीची मतं एकाच माणसाकडे गेली नाहीत म्हणजे झालं.

ही पक्की माणसं तयार कशी होतात? भाषणांनी नाही, चिठ्ठीने.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा आहे. त्यात कारभार चालवायचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक सभागृहात बोलतो, समित्यांवर बसतो, आपल्या निधीतून कामं सुचवतो, वॉर्ड ऑफिसात जाऊन इंजिनिअरच्या मागे लागतो. स्वतःच्या सहीने तो नळजोडणी देऊ शकत नाही. पण त्याच्या लेटरहेडवरची शिफारस चालते. आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा असेल आणि घराचे दुसरे कागद नसतील तर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. त्यावर खासदार, आमदार किंवा नगरसेवकाची सही चालते. ज्याच्याकडे रजिस्टर्ड ॲग्रीमेंट आहे, लाईट बिल स्वतःच्या नावावर आहे, त्याला या सहीची किंमत कळणार नाही. बैंगनवाडीत किंवा रफी नगरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला बरोबर कळते. शाळेचा दाखला, हॉस्पिटलमधली सवलत, रेशन कार्डातलं नाव, प्रत्येक ठिकाणी कोणाचं तरी पत्र.

पाण्याचं तर विचारूच नका. किती तरी वर्षं पालिकेचा नियम असा होता की ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपडीला नळ मिळणार नाही. मग पाणी यायचं ते टँकरने, शेजारच्या नळावरून, नाही तर कोणाच्या तरी मेहेरबानीने. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की वस्ती अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही. निकाल ऐतिहासिक होता. पण निकाल कोर्टातून गल्लीपर्यंत येतो तेव्हा मध्ये अर्ज, कागद, प्लंबर, आणि पुन्हा तीच शिफारस असते. जो नियमाने मिळायला हवा तो नळ ओळखीने मिळाला की घरातली पाच मतं पाच वर्षांसाठी बांधली जातात. आम्ही याला लाच म्हणणार नाही. ही उपकाराची उधारी आहे, आणि ती फेडायची जागा मतदान केंद्र.

आव्हान देणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. तो म्हणतो, मी आलो तर करीन. बसलेला माणूस म्हणतो, मी तुझ्या मुलाच्या ॲडमिशनला पत्र दिलं होतं. दोघांत कोण जड पडणार?

ओळख रस्त्यापलीकडे जात नाही

याचा उलटा पुरावा २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दिसला. नवाब मलिक हे बाजूच्या अणुशक्तीनगरचे विद्यमान आमदार, मंत्री राहिलेले, राज्यभर माहीत असलेले नेते. ते आपला मतदारसंघ सोडून मानखुर्द-शिवाजीनगरमध्ये आझमींच्या विरोधात उतरले. अजित पवारांच्या राष्ट्रवादीने त्यांना उमेदवारी दिली, पण त्याच महायुतीतल्या शिंदेंच्या शिवसेनेनेही सुरेश 'बुलेट' पाटील यांना उभं केलं आणि भाजपने मलिकांचा प्रचार करणार नाही असं जाहीर सांगितलं. २३ नोव्हेंबरला मोजणी झाली. मलिक चौथे, १५,५०१ मतं. अणुशक्तीनगरमध्ये मात्र त्यांची मुलगी सना मलिक राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या फहाद अहमद यांच्यापेक्षा ३,३७८ मतांनी पुढे राहिल्या. जिथे वर्षानुवर्षं पत्रं दिली, कामं केली, तिथे जागा घरात राहिली. तीच पुण्याई शेजारच्या मतदारसंघात मोठ्या नावालाही उपयोगी पडली नाही.

या निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर मलिक नव्हते, पाटीलही नव्हते. दुसरे आले एमआयएमचे अतीक अहमद खान. आझमी ५४,७८०, खान ४२,०२७, पाटील ३५,२६३. आझमी १२,७५३ मतांनी जिंकले आणि २००९ पासून सलग चौथ्यांदा आमदार झाले.

निकालानंतर अनेकांनी बेरीज केली. खान, पाटील आणि मलिक यांची मतं मिळवली तर ९२,७९१ होतात, म्हणजे आझमींपेक्षा कितीतरी जास्त. मग काय, सगळे एकत्र आले असते तर... पण ही बेरीज कागदावरच होते. धनुष्यबाणाला मत देणारा माणूस पतंगाला देईल असं समजणं भोळेपणाचं आहे, आणि उलटही. आझमींच्या चारही विजयांत हीच रचना कामाला आली आहे. त्यांच्या विरोधात मतं भरपूर, पण ती एकमेकांच्याही विरोधात. २०१४ मध्येही आझमी ४१,७१९ आणि शिवसेनेचे हेच सुरेश पाटील ३१,७८२ असा निकाल होता.

त्यापेक्षा दुसरा आकडा बघावा असं आम्हाला वाटतं. २०१९ मध्ये आझमींना ६९,०८२ मतं होती, २०२४ मध्ये ५४,७८०. पाच वर्षांत १४,३०२ मतं कमी झाली आणि आघाडी २५,६०१ वरून निम्म्यावर आली. शिवाय २०१९ ला दुसऱ्या क्रमांकावर शिवसेना होती, म्हणजे मुस्लिम मोहल्ल्यांबाहेरचा पक्ष. २०२४ ला दुसरा आलेला पक्ष त्याच मोहल्ल्यांत, त्याच मशिदींसमोरच्या नाक्यांवर मतं मागत होता. निकालात हे हार म्हणून लिहिलं गेलं. बूथनिहाय यादी हातात घेऊन बसलेल्या कार्यकर्त्याला त्यात दुसरं काही दिसलं असेल.

खुर्ची रिकामी होती तेव्हा

आता पुन्हा महापालिकेकडे. ७ मार्च २०२२ ला मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागांची संख्या २२७ की २३६, कोर्टकचेऱ्या, यात निवडणूक लांबत गेली आणि प्रशासक आले. जवळजवळ पावणेचार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हता. "माजी" होते, पण माजीच्या सहीला वॉर्ड ऑफिसात तो मान नाही आणि हातात निधीही नाही.

याच काळात, २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गोवंडीत गोवरची साथ आली. रफी नगरात लहान मुलं दगावली, केंद्राचं पथक येऊन गेलं, लसीकरण किती अपुरं होतं ते तेव्हा सगळ्या शहराला कळलं. नगरसेवक असते तर साथ आलीच नसती असं आम्ही म्हणत नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात एम पूर्व विभाग शहरात सगळ्यात तळाला होता, निर्देशांक फक्त ०.०५, आणि तेव्हा नगरसेवक होतेच की. पण साथीच्या दिवसांत आईबापांनी कोणाचं दार वाजवायचं हा साधा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर देणारी खुर्ची रिकामी होती.

रिकाम्या खुर्चीचा राजकीय परिणाम १६ जानेवारी २०२६ ला दिसला. आदल्या दिवशी मतदान झालं होतं. २०१७ मध्ये मुंबईत एमआयएमचे २ आणि समाजवादीचे ६ नगरसेवक होते. या वेळी एमआयएमचे ८ आले आणि समाजवादी २ वर आली. एमआयएमच्या जागा मुख्यतः याच गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यातल्या आहेत. चौदा महिन्यांपूर्वी ज्या पक्षाचा उमेदवार हरला होता, त्याच गल्ल्यांत हे घडलं.

यामागे पक्षाची हवा होती, नाराजी होती, उमेदवारांची निवड होती, हे सगळं आहेच. पण आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट ही की समोर बसलेला कोणी नव्हता. पत्र देणारा हात चार वर्षं रिकामा राहिला की उपकाराची उधारी हळूहळू बुडते. नवीन नळासाठी माजी नगरसेवकाकडे जाऊन उपयोग नाही हे एकदा कळलं की माणूस मोकळा होतो. दुसरीकडे २०२४ ला हरलेल्यांकडे ताजी मतदार यादी होती, बूथवर बसणारी पोरं होती, आणि आपण दुसरे आलो होतो ही खात्री होती.

आरक्षणाची सोडत हा आणखी एक भाग आहे, त्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि कोणता प्रभाग कोणासाठी हे चिठ्ठ्या काढून ठरतं. त्यामुळे विद्यमान नगरसेवक आणि त्याला आव्हान देणारा असे दोघे पुढच्या वेळी त्याच प्रभागात समोरासमोर येतीलच याची खात्री नसते. कोणी घरातल्या बाईला उभं करतं, कोणी प्रभाग बदलतो. समाजवादीचे रईस शेख २०१२ ला गोवंडीतून नगरसेवक होते, २०१७ ला दक्षिण मुंबईतून निवडून आले आणि २०१९ ला भिवंडी पूर्वचे आमदार झाले. अशी उडी सगळ्यांना जमत नाही, मलिकांचं उदाहरण वर दिलंच आहे.

आता लेटरहेड नव्या नगरसेवकांच्या हातात आहेत. एम पूर्वच्या वॉर्ड ऑफिसात पुन्हा सकाळी पत्रं घेऊन रांग लागणार, आणि ज्यांचं पत्र चालेल त्यांची यादी पुन्हा तयार होणार. जानेवारीत जे हरले, त्यांच्याकडेही मतदार याद्या आहेतच.