बाळाची मालिश : स्पर्श हवा, झटका नको

घरात बाळ आले की डोंबिवली-कल्याणच्या चाळींत काय किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत काय, पहिली चौकशी होते ती मालिशवाल्या बाईंची. पाटावर बसून, पाय लांब पसरून, पोटऱ्यांवर बाळाला आडवे घेऊन तेलाचा हात फिरवणाऱ्या या बाई सकाळच्या वेळात चार-पाच घरे करतात. पूर्वी हे काम आजी करीत असे. आता नोकरीनिमित्त लोकलने मुंबई गाठणाऱ्या कुटुंबांत आजी सोबत असतेच असे नाही. त्यामुळे बाळाचे न्हाऊ-माखू बहुतांशी बाहेरच्या माणसाच्या हाती गेले आहे.

या जुन्या प्रथेच्या जोडीला मोबाइलवरील चित्रफितींतून एक नवा प्रकार घरोघरी पोहोचला आहे. मान किंवा पाठ झटक्याने वळवून ‘कट्’ असा आवाज काढणारा कायरोप्रॅक्टिक उपचार त्यांत दिसतो. काही चित्रफितींत रुग्ण म्हणून चक्क तान्ही मुले असतात. बाळ सतत रडते, नीट झोपत नाही, त्याची मान एका बाजूला झुकते, यावर मालिश पुरेल, हाडवैद्याला दाखवावे की हा नवा उपचार करून पाहावा, असा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो. मालिश आणि हाडे-सांध्यांवरील उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले तर या प्रश्नाचा बराचसा गुंता सुटतो.

मालिशीने काय साधते?

आयुर्वेदात अभ्यंगाला दिनचर्येत स्थान आहे आणि नवजात बाळासाठीही तेल सांगितले आहे. १९७६ साली फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लेबॉयर यांनी कोलकात्यात पाहिलेल्या शांतला नावाच्या एका आईच्या मालिशीवर पुस्तक लिहिले. भारतीय पद्धतीची ही मालिश त्यामुळे युरोपात ठाऊक झाली.

आधुनिक वैद्यकानेही या प्रथेची तपासणी केली आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी खोबरेल तेल, खनिज तेल आणि निष्क्रिय पावडर यांची तुलना केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये खोबरेल तेलाच्या मालिशीने वजनवाढीचा वेग इतर दोन्ही गटांपेक्षा अधिक आढळला. दिल्लीत १२५ बाळांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिळाच्या तेलाच्या मालिशीनंतर बाळांची वाढ व झोप चांगली झाल्याचे दिसले.

मात्र या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत. पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळाला मालिश केली नाही तर त्याची वाढ खुंटते, असे कोणताही अभ्यास सांगत नाही. मालिशीने हाडे ‘बसत’ नाहीत, नाक धारदार होत नाही, डोके गोल होत नाही आणि रंगही उजळत नाही. त्वचेला स्निग्धता मिळते, बाळ शांत होते, आई-वडिलांचा स्पर्श त्याच्या ओळखीचा होतो. हा लाभ लहान नाही, पण तेवढाच आहे.

तेल कोणते?

खोबरेल तेल आपल्या हवेला मानवणारे आणि बहुतेक बाळांना सोसणारे आहे. थंडीच्या दिवसांत तिळाचे तेल अनेक घरांत वापरतात. मोहरीचे तेल उत्तरेत लोकप्रिय असले तरी ते नाजूक त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे करते, असे प्रयोगांत दिसले आहे. ऑलिव्ह तेलाबाबतही त्वचातज्ज्ञ सावधगिरी सांगतात. उग्र वासाची आणि अनेक वनस्पतींचे अर्क एकत्र केलेली तेले टाळलेली बरी. कोणतेही नवे तेल प्रथम बाळाच्या हातावर थोडेसे लावून एक दिवस वाट पाहावी. पुरळ किंवा लाली दिसल्यास ते वापरू नये.

मालिश कशी करावी?

दूध पाजल्यानंतर लगेच मालिश करू नये, साधारण तासभर जाऊ द्यावा. बाळ भुकेले किंवा पेंगुळलेले असतानाही ती नकोच. खोली उबदार असावी, पंखा बंद असावा. हात धुतलेले, नखे कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या असाव्यात. तेल कोमट असेल तर ते आधी आपल्या मनगटावर लावून पाहावे.

सुरुवात पायांपासून करावी, कारण तेथील स्पर्श बाळ सहज स्वीकारते. पुढे हात, छाती, पोट आणि शेवटी पाठ घ्यावी. पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, अगदी हलका फिरवावा. दाब इतकाच असावा की त्वचा हाताखाली सरकेल, पण तिच्यावर लाल वळ उठणार नाही. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात. बाळ मान फिरवू लागले, पाठीची कमान करू लागले किंवा रडू लागले की थांबावे. ‘रडले की छाती भरते’ हा समज चुकीचा आहे. ते रडणे म्हणजे नकार असतो.

नाळ गळून पडेपर्यंत बेंबीला तेल लावू नये. बीसीजीची लस डाव्या दंडावर दिली जाते. तेथे काही आठवड्यांनी येणारी गाठ चोळू किंवा दाबू नये. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातील लशी मांडीत दिल्या जातात. ती मांडी दोन-तीन दिवस मालिशीतून वगळावी. ताप, जुलाब किंवा अंगावर पुवाळलेले फोड असताना मालिश बंद ठेवावी. कमी वजनाच्या बाळाची मालिश डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावी. त्याच्यासाठी आईच्या छातीशी उघड्या अंगाने बिलगून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत अधिक मोलाची आहे.

या गोष्टी नकोत

परंपरेतील काही सवयी मात्र निःसंशय घातक आहेत. नाकात तेलाचे थेंब सोडल्यास ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कानातही तेल घालू नये. नवजात बाळाच्या छातीवरील सूज आईच्या संप्रेरकांमुळे येते आणि आपोआप ओसरते. ती पिळल्यास गळू होते. टाळूवर तेल थापल्याने टाळू लवकर भरत नाही. ती बहुधा नऊ ते अठरा महिन्यांत स्वतःच भरते. बाळाला पाय धरून उलटे लोंबकळवणे, हवेत उडवणे, मुलग्याच्या शिश्नावरील त्वचा ओढून मागे सारणे, डाळीच्या पिठाने लव खरवडणे, न्हाणे झाल्यावर धुरी देणे या सर्वांना सक्त मनाई असावी.

मालिशवाल्या बाईंचा अनुभव मोठा असतो आणि त्या बाळाला जीव लावतात. तरीही काय करू नये हे पहिल्याच दिवशी आदराने, पण स्पष्ट सांगावे. घरातील कोणीतरी मालिशीच्या वेळी समोर बसावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस आईने किंवा वडिलांनी स्वतः तेल लावावे. मालिशीचा खरा लाभ त्या स्पर्शात आहे.

कायरोप्रॅक्टिक आणि लहान मुले

कायरोप्रॅक्टिकचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट येथे झाला. १८९५ साली डी. डी. पामर यांनी तेथे ही पद्धत सुरू केली. मणक्यांची जागा किंचित सरकल्याने मज्जातंतूंना अडथळा होतो आणि त्यातून आजार उद्भवतात, अशी त्यांची कल्पना होती. आजारांची अशी उपपत्ती आधुनिक विज्ञानाने मान्य केलेली नाही. प्रौढांच्या कंबरदुखीत मणक्यावरील हस्तोपचारांनी काही प्रमाणात आराम मिळतो, एवढे अभ्यासांत दिसले आहे.

मुलांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. पोटशूळाचे रडणे, दमा, कानाचा संसर्ग यांवर हा उपचार चालतो, या दाव्याला भक्कम आधार नाही. ब्रिटनमध्ये लेखक सायमन सिंग यांनी २००८ साली नेमके हेच लिहिले, तेव्हा तेथील कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने कौल दिल्यावर संघटनेने दावा मागे घेतला. मेलबर्नमधील दोन आठवड्यांच्या बाळावरील उपचाराची चित्रफीत २०१९ साली गाजली. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने दोन वर्षांखालील मुलांच्या मणक्यावर असे उपचार करू नयेत, असे आपल्या व्यावसायिकांना बजावले. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याने केलेल्या पाहणीत गंभीर इजेचे पुरावे थोडे आढळले, पण लाभाचे पुरावेही जवळजवळ आढळले नाहीत.

मग गुण आल्याचे पालकांना का वाटते? पोटशूळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबते. रडणे कळसाला असताना केलेल्या कोणत्याही उपायाला पुढे यश आल्यासारखे दिसते. दुसरीकडे, तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड, मानेचे स्नायू दुबळे आणि मणक्यांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो. ज्या उपायाचा लाभ सिद्ध नाही, त्यासाठी अशा मानेला झटका देण्याचे काहीच कारण नाही.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वैधानिक नोंदणी परिषद नाही. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांसाठी महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यान्वये स्वतंत्र परिषद आहे. त्यामुळे उपचार करणाऱ्या व्यक्तीची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारणे हा पालकांचा हक्क आहे.

फलाटावरचा हिसका

झटक्याने गुण येतो, या विश्वासामागे एक खरा अनुभवही आहे. डोंबिवली किंवा ठाण्याच्या फलाटावर गाडी सुटण्याच्या घाईत लहान मुलाचा एक हात धरून त्याला ओढले किंवा उचलले जाते. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये अशा हिसक्याने कोपरातील एक हाड अस्थिबंधातून किंचित निसटते. मूल हात अंगाशी धरून ठेवते आणि हलवू देत नाही. जाणकार डॉक्टर तो एका हालचालीत जागेवर बसवतात आणि थोड्याच वेळात मूल खेळू लागते. हाडवैद्याच्या हातूनही हे कधी कधी साधते आणि त्याची कीर्ती होते.

पण मूल पडले असेल, कोपर सुजला असेल, तर अस्थिभंगाची शंका घ्यावी. पाच ते सात वर्षांच्या मुलांत कोपराच्या वरचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे असते. त्यावर घट्ट पट्ट्या आवळल्यास रक्तपुरवठा थांबून हात कायमचा अधू होऊ शकतो. दुखावलेल्या कोपराला तेल लावून चोळल्यास स्नायूत हाड तयार होते आणि सांधा आखडतो. म्हणून अशा वेळी हात आधाराने स्थिर ठेवून आधी क्ष-किरण तपासणी करावी. मालिश मुळीच नको.

ज्यासाठी थांबू नये

मालिशीचा मोठा धोका पुष्कळदा तिच्या भरवशावर गेलेल्या वेळात असतो. ‘तेल लावू, सुटेल’ असे म्हणता म्हणता उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

जन्मतः आत वळलेले पाऊल मालिशीने सरळ होत नाही. त्यासाठी आयोवातच काम केलेल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत जगभर वापरली जाते. दर आठवड्याला बदलायची पाच-सात प्लास्टर, बहुतेकांना टाचेवरील शिरेचा लहानसा छेद आणि नंतर चौथ्या वर्षापर्यंत झोपताना विशेष बूट, असा तिचा क्रम असतो. मान एकाच बाजूला झुकत असेल किंवा मानेच्या स्नायूत गाठ लागत असेल, तर ती गाठ चोळू नये. बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीनंतर लवकर सुरू केलेल्या भौतिकोपचाराने बहुतेक मुले बरी होतात. मांड्या सारख्या फाकत नसतील किंवा एक पाय आखूड वाटत असेल, तर खुब्याचा सांधा तपासून घ्यावा. पाय सरळ ताणून घट्ट दुपट्यात बांधण्याची रीत या सांध्याला अपायकारक आहे.

चार महिन्यांपर्यंत मान न धरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणे, अठरा महिन्यांपर्यंत न चालणे, अंग फार कडक किंवा फार सैल असणे, एकच हात वापरणे, यांपैकी काहीही दिसल्यास मालिशीची मात्रा न वाढवता डॉक्टरांकडे जावे. बाळ अचानक दूध ओढेनासे झाले, त्याला ताप आला किंवा त्याचे रडणे नेहमीपेक्षा वेगळे वाटले, तर त्याच दिवशी जावे.

ठाणे महापालिकेचे कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही या परिसरातील सार्वजनिक रुग्णालये आहेत. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः वाकडी पावले, खुब्याचा दोष आणि विकासातील विलंब यांची तपासणी अंतर्भूत आहे. अंगणवाडीतून किंवा आशा कार्यकर्तीकडून त्याची माहिती मिळते.

तेलाची वाटी, उबदार खोली आणि घाई नसलेला हात एवढ्यावर बाळाची मालिश होते. मान मोडणे, सांधा बसवणे, पाऊल सरळ करणे ही त्या वाटीची कामे नव्हेत. एवढा भेद घरातील वडीलधाऱ्यांनी आणि मालिशवाल्या बाईंनीही जाणला, तर बाळाला मालिशीचे सुख लाभेल आणि त्याचा उपचारही वेळेवर होईल.