सरड्याचं ताट आणि फ्रीजरमधले रातकिडे

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

पुण्याहून एका श्रोत्याची मेल आली होती. त्याच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आहे, म्हणजे आपल्या भाषेत दाढीवाला सरडा. रागावला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते, म्हणून दाढी. या सरड्यासाठी घरात जिवंत रातकिडे ठेवले तर रात्रभर किर्रकिर्र. मारून फ्रीजरमध्ये ठेवले तर आई म्हणते, मटार आणि ओल्या खोबऱ्याच्या शेजारी हे चालणार नाही. आईचा प्रश्न मी सोडवू शकत नाही. पण त्याने पुढे विचारलंय, "मुळात गोठवलेले किडे सरड्याला चालतात का, आणि हे कधीपासून सुरू झालं?" हा मात्र आपल्या पॉडकास्टचा प्रश्न आहे.

सुरुवात सरड्यापासून नाही, पक्ष्यांपासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत योहान बेखस्टाइन नावाच्या निसर्गअभ्यासकाने पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर लिहिलं. त्यात पिठातल्या अळ्या, ज्यांना आज मीलवर्म म्हणतात, आणि मुंग्यांची 'अंडी' हे गाणाऱ्या पक्ष्यांचं अन्न म्हणून येतं. (ती खरं तर अंडी नसतात, कोष असतात, पण बाजारात नाव तेच रुळलं.) म्हणजे किडे खाणारा प्राणी घरात ठेवायचा तर किडेही घरातच वाढवायचे, हा विचार दोनशे वर्षांहून जुना. आपल्याकडे गावात कोंबडीच्या पिलांसमोर वाळवीचं ढेकूळ आणून फोडतात, तोही त्याच जातीचा. ही वाळवी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

रातकिडा या धंद्यात आला तो मासेमारीतून. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या दक्षिण भागात ब्लूगिलसारखे छोटे मासे गळाने पकडायला आमिष म्हणून रातकिडे पाळायला लागले. लुइझियानामधला फ्लूकर्स हा प्रसिद्ध फार्म १९५३ चा. तेव्हा तिथे पाळीव सरड्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. गळाला लावायचा किडा कसा असावा? वळवळणारा, टिकणारा, स्वस्त. त्याच्या अंगात कॅल्शियम किती, हे कोण बघतो! सरडेवाल्यांनी पुढे हाच आयता किडा उचलला, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ इथे आहे.

आता सरडा. पोगोना व्हिटिसेप्स, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या कोरड्या अंतर्भागातला. त्याला शास्त्रीय नाव दिलं जर्मनीच्या अर्न्स्ट आल यांनी, १९२६ मध्ये. १९६० च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यजीवांची व्यापारी निर्यात बंद केली. म्हणजे आज जगभर पाळले जाणारे हे सरडे त्या आधी किंवा नंतर गुपचूप बाहेर पडलेल्या थोड्या जोड्यांचे वंशज असणार. १९९० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात त्यांची लाट आली. शांत प्राणी, दिवसा जागा असतो, हातावर बसतो. आणि त्याच्या ताटात काय? आमिषाच्या फार्मवरचे रातकिडे.

मग फ्रीजर कुठून आला? क्लॅरेन्स बर्ड्सआय १९१२ नंतरची काही वर्षं कॅनडाच्या लॅब्रेडोरमध्ये होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासा झटकन गोठवतात, आणि वितळल्यावरही तो ताजा लागतो, हे त्याने पाहिलं. १९३० मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचं गोठवलेलं अन्न विकायला आलं. पुढे मत्स्यपालनवाल्यांनी गोठवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, आणि लाल अळ्या वापरायला घेतल्या. सापवाल्यांनी गोठवलेले उंदीर घेतले. सापांच्या बाबतीत तर हा मोठाच फायदा होता, कारण जिवंत उंदीर सापाला चावतो, कधी गंभीर जखमी करतो.

इथे जरा थांबू या, कारण सगळा घोळ इथेच आहे. "सापाला चालतं मग सरड्याला का नाही?" असं सहज वाटतं. पण साप जिभेने वास टिपून भक्ष्य ओळखतो. उंदीर मेलेला असला तरी वास असतो. आणि उंदीर म्हणजे हाडांसकट अख्खं जेवण, कॅल्शियम त्यातच. रातकिड्याला हाडच नाही. त्याच्या अंगात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. सरड्याला हवं उलट: निदान फॉस्फरसइतकं तरी कॅल्शियम, शक्य तर दुप्पट. नाहीतर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात. सरड्याचा मुडदूसच म्हणा.

यावरचं महत्त्वाचं काम १९८९ चं आहे. मेरी अ‍ॅलन आणि ओलाव्ह ऑफ्टेडाल यांनी दाखवलं की रातकिड्यालाच भरपूर कॅल्शियम असलेलं खाद्य खाऊ घातलं, तर त्याच्या पोटात ते साठतं आणि खाणाऱ्यापर्यंत पोहोचतं. म्हणजे किडा हा एक डबा आहे. डब्यात काय भरलंय ते महत्त्वाचं. आता गोठवलेला किडा घ्या. त्याचा डबा गोठवण्याच्या क्षणी जसा होता तसा कायमचा बंद झाला. फार्मवाल्याने त्याला आधी उपाशी ठेवला असेल, तर तुम्ही रिकामा डबा विकत घेतलाय. वरून कॅल्शियमची पूड लावता येते, आणि ओल्या किड्याला ती बरी चिकटते, हे खरं. पण पोट भरायची संधी गेली.

दुसरी गोष्ट हालचालीची. १९५९ मध्ये लेटविन, माटुराना, मॅकलक आणि पिट्स या चौघांनी बेडकाच्या डोळ्यावर गाजलेला निबंध लिहिला. बेडकाच्या डोळ्यातच लहान हलणारा ठिपका टिपणाऱ्या पेशी असतात, आणि भोवती मेलेल्या माश्या पडल्या असूनही बेडूक उपाशी मरेल, कारण त्या हलत नाहीत. मग सरडाही तसाच? पूर्ण नाही. दाढीवाला सरडा पानं खातो, फुलं खातो, आणि पान काही पळत नाही. म्हणून त्याला निश्चल अन्नही ओळखता येतं, शिकवताही येतं. चिमट्यात धरून किडा हलवला की बरेच सरडे घेतात. काही मात्र तोंड फिरवतात, विशेषतः लहान पिलं, जी मुख्यतः किड्यांवरच वाढतात.

इतकं असूनही लोक गोठवलेल्या किड्यांकडे का वळले? सोय तर आहेच. पण २०१० च्या सुमारास जिवंत रातकिड्यांचा पुरवठाच कोलमडला होता, तो धक्काही विसरता येत नाही. घरगुती रातकिड्याला मारणारा एक डेन्सोव्हायरस आहे. त्याची पहिली नोंद युरोपात १९७७ ची. २००२ च्या आसपास तिथले फार्म आजारले, आणि २००९-१० मध्ये तो अमेरिकेत पसरला. वयात येत असलेले किडे उलटे पडायचे, पाय झाडायचे, मरायचे. फार्म रिकामे करून, धुऊन, नव्याने सुरू केले तरी विषाणू परत. काही जुने फार्म कायमचे बंद पडले. एकाच जातीवर सगळा डोलारा उभा होता.

पर्याय शोधताना आणखी गंमत झाली. २०१२ मध्ये डेव्हिड वाइसमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भलत्याच नावाने विकला जाणारा एक रातकिडा विज्ञानाला नवाच आहे! त्याला त्यांनी ग्रिलस लोकोरोहो नाव दिलं. स्पॅनिशमध्ये 'वेडा लाल'. टिकून राहिला तो पट्टेवाला ग्रिलोड्स, मूळचा बहुधा नैर्ऋत्य आशियातला. हा विषाणूला दाद देत नाही.

आणि हो, फ्रीजरमध्ये किडा मरतो, विषाणू मरतो असं नाही. प्रयोगशाळेत विषाणू जपून ठेवायलाच गोठवतात.

आता ती वाळवी. २०१५ मध्ये डेनिस ओनिन्क्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या १४ मोकळ्या सरड्यांच्या पोटातलं अन्न तपासलं. कोरड्या वजनात सुमारे ६१ टक्के किडे, आणि त्यातली बहुतेक सगळी वाळवी. रातकिड्यावर आपण इतका खल केला, आणि रानात गडी वाळवी खात बसलेला.

पुण्याच्या मित्रा, तुझ्या मेलमध्ये एक ओळ होती, "पावसाळ्यात बाहेरचे किडे पकडून गोठवू का?" याचं उत्तर मात्र स्पष्ट नाही. १९९९ चा एक शोधनिबंध आहे, त्यात थॉमस आयस्नरही होते. अमेरिकेतले फोटायनस काजवे खाऊन पाळीव दाढीवाले सरडे मेले होते. या काजव्यांत भेकाच्या विषासारखं हृदयावर जाणारं विष असतं, आणि एक काजवाही जीव घेऊ शकतो. तिथले स्थानिक प्राणी काजव्याला टाळतात. पण सरडा ऑस्ट्रेलियाचा, त्याच्या रानात हा काजवा कधी नव्हताच, त्याने मुकाट्याने गिळला. जूनमध्ये भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला काजवे बघायला जरूर जा, डबी घेऊन जाऊ नकोस. थंडीने असलं विष उतरत नाही. शेतातल्या नाकतोड्यांवर फवारणी झालेली असते, ती गोष्ट वेगळीच.

दुकानातले गोठवलेले घेणार असशील तर वाळवलेल्यांपेक्षा बरे, त्यांत पाणी तरी शिल्लक असतं. पूर्ण वितळू दे, खोलीच्या तापमानाला येऊ दे. थंडगार घास पोटात गेला की सरड्याचं पचन मंदावतं, त्याला स्वतःची ऊब नसते. न खाल्लेला तुकडा तासाभरात उचल. आठवड्यातले काही घास तरी जिवंत, पोट भरलेल्या किड्यांचे असू देत. आणि आईसाठी: झाकणाचा वेगळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव. मटारच्या पिशवीत चुकून हात जायला नको.