प्रज्वलन तारा, मोटारगाडीतील
मोटारगाडीच्या पेट्रोल एंजिनात प्रज्वलन वेटोळ्यापासून वितरकापर्यंत व वितरकापासून प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगी गुडदीपर्यंत उच्च विद्युत् दाब वाहून नेणाऱ्या निरोधित तारा. विद्युत् घटमालेचा ६ किंवा १२ व्होल्ट दाब वेटोळ्यात प्रवर्तनाने सु. १० ते २० हजार व्होल्टपर्यंत वाढविला जातो. हा दाब वाटेत न गळता गुडदीच्या अग्रांमधील फटीपर्यंत पोहोचविणे हे या तारांचे कार्य होय. त्यांच्या रचनेत विसाव्या शतकात झालेले बदल रबराचे रसायनशास्त्र, रेडिओ व दूरचित्रवाणीचा प्रसार आणि इलेक्ट्रॉनिकी यांच्याशी निगडित आहेत. जुन्या गाडीच्या तारा बदलताना हा इतिहास लक्षात घ्यावा लागतो.

प्रारंभ : विद्युत् ठिणगीने वायुमिश्रण पेटविण्याची पद्धत एत्येन लन्वार यांनी आपल्या १८६० च्या वायू एंजिनात वापरली होती. कार्ल बेंट्स यांच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीतही विद्युत् प्रज्वलन होते. गोटलीप डाइमलर यांनी मात्र ज्योतीने तापविलेल्या नळीचा अवलंब केला होता. १९०२ मध्ये रोबेर्ट बॉश यांच्या श्टुटगार्ट येथील कारखान्यात गोटलोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडावयाची ठिणगी गुडदी तयार केली. चार्ल्स केटरिंग यांची वेटोळे व स्पर्शक यांवर आधारलेली प्रणाली १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली. १९१२ मध्ये तिला विद्युत् आरंभक व जनित्र यांची जोड मिळाली आणि पुढील सु. साठ वर्षे हीच प्रणाली जगभर प्रमाणभूत राहिली.

निरोधक द्रव्ये : आरंभीच्या तारेत तांब्याच्या बारीक तारांचा पीळ, त्यावर नैसर्गिक रबराचे जाड वेष्टन व बाहेरून रोगण दिलेली सुती वीण असे. उच्च दाबामुळे तारेभोवतीच्या हवेत विसर्जन होऊन ओझोन निर्माण होतो. नैसर्गिक रबराच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर ओझोनाची विक्रिया होऊन रबराला भेगा पडतात. त्यात एंजिनाची उष्णता व तेल यांची भर पडते. भेगेत ओलावा शिरला की ठिणगी गुडदीपर्यंत न जाता जवळच्या धातूकडे उडते आणि एंजिन अडखळते. पावसाळ्यात जुन्या गाड्या बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण होते. १९३१ मध्ये जाहीर झालेले निओप्रीन व १९५० नंतरचे हायपॅलॉन यांनी तेल व ओझोन यांना चांगला प्रतिकार केला. सिलिकोन रबर सु. २००° से. तापमान सहन करते. मात्र ते सहज फाटते, म्हणून तार काढताना ती न ओढता टोकाची टोपी धरावी लागते.

रेडिओ व्यत्यय : हाइन्रिख हेर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युत् ठिणगीच्या साहाय्यानेच विद्युत् चुंबकीय तरंग निर्माण केले होते. ठिणगी गुडदी व तिची तांब्याची तार मिळून तसाच एक अनाहूत प्रेषक बनतो. १९३० नंतर गाडीत रेडिओ आला, तेव्हा ही खरखर प्रथम गाडीतील प्रवाशांनाच ऐकू आली. दूरचित्रवाणी आल्यावर रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा उपद्रव घरोघरी होऊ लागला; ब्रिटनमधील ४०५ रेषांच्या प्रणालीत तो पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने दिसे. त्या देशात १९४९ च्या बिनतारी संदेशविषयक कायद्यान्वये १९५२ मध्ये प्रज्वलन साधनांच्या व्यत्ययावर नियंत्रण घालणारे नियम करण्यात आले.

यावर उपाय म्हणून तांब्याऐवजी कार्बन भिनविलेल्या धाग्याचा गाभा वापरात आला. अशा तारेचा रोध दर मीटरला कित्येक हजार ओहम असतो. एवढ्या रोधाने ठिणगी दुर्बळ होईल, ही शंका सामान्यतः निराधार ठरते. फटीत ठिणगी उडेपर्यंत तारेतून जवळजवळ प्रवाह वाहत नाही, त्यामुळे दाबात घट होत नाही. ठिणगीनंतरचा प्रवाह काही दशांश अँपिअरहूनही कमी, बहुधा काही दशक मिलिअँपिअर असतो. ३० मिलिअँपिअर प्रवाह व १०,००० ओहम रोध धरल्यास घट केवळ ३०० व्होल्ट येते. मात्र कार्बनाचा धागा वाकविल्याने वा ओढल्याने तुटतो व रोध बेसुमार वाढतो. पुढे चुंबकीय द्रव्ययुक्त गाभ्यावर बारीक मिश्रधातूची तार गुंडाळलेला प्रकार आला. कमी रोध राखून व्यत्यय दाबण्याचे काम तो करतो.

जुन्या गाडीसाठी निवड : मूळ स्पर्शक-प्रणाली असलेल्या गाडीस तांब्याची तार चालते. ल्यूकस कंपनीच्या काही वितरक टोप्यांत टोकदार स्क्रू तारेत घुसवून जोड साधला जातो; तेथे पिळाची धातूची तारच योग्य ठरते, कारण कार्बनाच्या धाग्याशी असा जोड टिकत नाही. व्यत्यय दाबण्यासाठी मग गुडदीच्या टोपीत स्वतंत्र रोधक बसवितात. याउलट, स्पर्शकांऐवजी इलेक्ट्रॉनीय घटक बसविला असल्यास तांब्याची तार टाळावी लागते. तिच्यातून निघणाऱ्या तरंगांनी त्या घटकाच्याच कार्यात बिघाड होऊ शकतो. तारांची मांडणीही महत्त्वाची असते. शेव्हरोलेच्या अष्टसिलिंडरी एंजिनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा असून ५ व ७ हे शेजारचे सिलिंडर लागोपाठ पेटतात. त्यांच्या तारा समांतर व जवळ ठेवल्यास प्रवर्तनाने ७ क्रमांकाच्या सिलिंडरात अवेळी ठिणगी पडण्याचा धोका असतो.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तूरिन सनद कमीत कमी हस्तक्षेपाचा व केलेल्या बदलांची नोंद ठेवण्याचा आग्रह धरते. तारा या झिजणाऱ्या वस्तू असल्याने मूळ तारा दीर्घकाळ वापरात ठेवणे शक्य नसते. म्हणून जुन्या धर्तीची सुती वीण व आत आधुनिक निरोधक अशा तारा बनविल्या जातात. मुंबईत कुर्ला येथील प्रीमिअर कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० व पद्मिनी या गाड्यांतही वेटोळे व वितरक यांचीच प्रणाली होती; पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. प्रत्येक गुडदीवर स्वतंत्र वेटोळे बसविण्याची पद्धत १९९० नंतर रूढ होत गेल्याने नव्या बहुतेक गाड्यांत वितरक व लांब तारा उरलेल्या नाहीत. या तारांविषयीचे व्यावहारिक ज्ञान आता मुख्यतः जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांच्या व त्यांच्या कारागिरांच्या हाती राहिले आहे.