प्रतबंदी ते आरोग्य पत्रिका : मातीची सरकारी मोजणी

शासनाच्या दप्तरात मातीचा प्रवेश झाला तो महसुलाच्या वाटेने. शेतकऱ्याला माती कळते ती वाफशावरून, नांगराच्या तासात वर येणाऱ्या गांडुळांवरून आणि आधीच्या पिकाच्या बेवडावरून. सरकारला ती कळते रकान्यांतून. हे रकाने कोणी आखले, केव्हा आखले आणि कशासाठी आखले, याचा इतिहास उद्बोधक आहे. मातीच्या आरोग्याविषयी आज आपण जे बोलतो आणि जे करतो, त्यांतील अंतराचे मूळ या रकान्यांत आहे, असे माझे मत झाले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभ अकबराच्या काळापासून करू. 'ऐन-इ-अकबरी'त जमिनीचे चार वर्ग दिले आहेत. दरवर्षी पिकणारी ती पोलज. शक्ती भरून येण्यासाठी काही काळ पड ठेवलेली ती परौती. तीन-चार वर्षे पड राहिलेली ती चाचर. आणि पाच किंवा अधिक वर्षे न कसलेली ती बंजर. हेतू अर्थातच साऱ्याचा होता. तरीही या वर्गवारीत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. माती थकते आणि विश्रांतीने पूर्ववत होते. ती कशामुळे पूर्ववत होते, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. पण विश्रांतीची नोंद दप्तरात होती.

इंग्रजी अमदानीत ही दृष्टी बदलली. मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या अधिकाऱ्याने पाहणी केली. हेलीबरीच्या महाविद्यालयात तो माल्थसचा विद्यार्थी होता आणि शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवावा, हा सिद्धान्त त्याने दख्खनच्या शेतांवर लागू करून पाहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग आकर्षक वाटतो. प्रत्यक्षात तो फसला. त्यानंतर १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या पाहणीस प्रारंभ केला. १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. पुढे वऱ्हाड आणि म्हैसूरपर्यंत हीच पद्धत गेली.

या पद्धतीतील प्रतबंदी मोठी पद्धतशीर होती. मातीचे पोत आणि रंग यांवरून तीन मुख्य प्रकार केलेले होते. खोली हातांत मोजली जाई. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आण्यांची. तेथून उतरत उतरत नऊ वर्ग होत आणि शेवटचा वर्ग दोन आण्यांचा असे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी साचणे असा दोष आढळला की जमीन खालच्या वर्गात जाई. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या अनेक वाचकांच्या कपाटात गावाकडचा सातबारा असेल. त्यावर क्षेत्राजवळ 'आकार' म्हणून काही रुपये-पैसे लिहिलेले असतात. ते याच परंपरेचे अवशेष आहेत.

प्रतबंदीत पोत होता, रंग होता, खोली होती. मातीत राहणाऱ्या जिवांना मात्र तीत रकाना नव्हता. याबद्दल त्या अधिकाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गांडुळे माती घडवितात हे सांगणारा डार्विनचा ग्रंथ १८८१ चा. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्राशी निगडित आहेत, हे हेलरीगल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये दाखवून दिले आणि त्या गाठींतील जिवाणू बायेरिंकने १८८८ मध्ये वेगळा काढला. हरभरा किंवा तुरीनंतरचे पीक जोमदार येते हे आपला शेतकरी 'बेवड' या एका शब्दात सांगत आला होता. त्याचे कारण विज्ञानाला उमगायला एकोणिसावे शतक सरत आले.

नेमक्या याच सुमारास, १८८९ मध्ये, भारत सरकारने व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला इंग्लंडहून बोलावले. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याहून कमी प्रतीचा नाही, हे त्याने स्पष्ट लिहिले. शेणाच्या गोवऱ्या जळतात म्हणून शेतांना खत मिळत नाही आणि शेतकरी अज्ञानाने नव्हे तर सरपणाअभावी गोवऱ्या जाळतो, हे त्याचे निदान होते. उपाय म्हणून त्याने जळण आणि चाऱ्यासाठी गावोगाव राखीव वने सुचविली. शेताच्या सुपीकतेचा प्रश्न वनखात्याकडे जातो, हे ओळखणारा अहवाल त्या काळच्या मानाने असामान्य म्हटला पाहिजे. खात्यांच्या भिंती मात्र जागच्या जागी राहिल्या.

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था उभी राहिली. रसायन, वनस्पती, कवक, कीटक, जिवाणू असे तिचे विभाग होत गेले. प्रशासनाच्या दृष्टीने ही रचना निर्दोष होती. परंतु शेतात मूळ, बुरशी, कीटक आणि जिवाणू एकाच ढेकळात नांदतात. वनस्पतिविभागात नेमला गेलेला अल्बर्ट हॉवर्ड याला हे खटकू लागले. पीक रोगट का होते, हा प्रश्न कीटकाच्या किंवा बुरशीच्या विभागाकडे सोपविण्याआधी माती आणि मूळ एकत्र पाहिले पाहिजेत, असे त्याचे म्हणणे होते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना तो आपले गुरू मानी. विभागांच्या चौकटीत हे काम होणार नाही, अशी खात्री पटल्यावर त्याने वेगळ्या संस्थेचा आग्रह धरला.

ती संस्था १९२४ मध्ये इंदूर येथे निघाली. तिला पैसा दिला मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातील संस्थानिकांनी. तेथे हॉवर्डबरोबर रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे सहकारी होते यशवंत वाड. 'इंदूर पद्धती'चे कंपोस्ट जगभर गेले, हॉवर्डचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. पण १९३१ मध्ये या पद्धतीवर निघालेल्या मूळ ग्रंथावर हॉवर्डच्या जोडीला वाडांचे नाव आहे, हे मराठी वाचकांनाही क्वचितच ठाऊक असते.

पद्धत साधी होती. पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या यांसारखा कठीण काडीकचरा रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडायचा, गुरांखाली अंथरायचा, मग शेण, मूत्राने भिजलेली माती आणि राख यांच्याबरोबर खड्ड्यात थर द्यायचे. ओल राखायची आणि ठराविक दिवसांनी खालीवर करायचे, म्हणजे हवा खेळते. आधी बुरशी काम करते, मग जिवाणू. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. आपल्या उकिरड्याहून यात वेगळे काय, असे कोणी विचारील. वेगळे इतकेच की, येथे सूक्ष्मजीवांना राबणारे मजूर समजून त्यांच्या अन्नाचा, पाण्याचा आणि श्वासाचा हिशेब ठेवला होता. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता गांधीजींनी ही संस्था मुद्दाम पाहिली. हॉवर्ड मात्र १९३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता.

स्वातंत्र्यानंतर आपण वेगळी वाट धरली आणि ती का धरली हे विसरता कामा नये. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. १९६५ आणि १९६६ असा लागोपाठ दोन वर्षे पाऊस फसला आणि परदेशी गव्हाची जहाजे मोजण्याची पाळी आली. तेव्हा ज्यांनी युरियाच्या गोण्यांवर भरवसा ठेवला, त्यांनी देश जगविला. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि काही महिन्यांतच ती मागे घ्यावी लागली. खतांचा सरसकट धिक्कार करणाऱ्यांनी तो अनुभव जरूर अभ्यासावा.

अडचण खतात नव्हती, हिशेबात होती. माती म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश साठविण्याचे भांडे, असा समज दप्तरात रुजला. किंमत हीसुद्धा एक प्रकारची मोजणीच असते आणि १९७७ पासून खतांच्या किमतींची जबाबदारी सरकारने अनुदानाच्या रूपाने उचलली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया मात्र नियंत्रणातच राहिला. परिणाम एका वर्षात दिसला. देशातील नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या वापराचे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९ : २.४ : १ होते, ते १९९२-९३ मध्ये ९.५ : ३.२ : १ झाले. ४ : २ : १ हे आदर्श मानले जाणारे प्रमाण दूरच राहिले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले; त्यातूनही युरिया वगळला गेला. शेतकऱ्याला येथे अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. आपणच लिहिलेल्या दरपत्रकाचे त्याने अचूक वाचन केले.

या दरपत्रकाचा मातीतील व्यवहारांवर काय परिणाम होतो, तेही पाहावे. वनस्पती आपल्या साखरेचा काही हिस्सा मुळांवाटे बुरशीला आणि जिवाणूंना देते. मोबदल्यात बुरशी स्फुरद आणि गाठींतील जिवाणू नत्र पुरवितात. ही जुनी वस्तुविनिमयाची पेठ आहे. आयते नत्र भरपूर मिळाले की द्विदल पिकाच्या मुळांवर गाठी कमी धरतात. आयते स्फुरद भरपूर मिळाले की मुळांशी असलेली बुरशीची सोयरीक क्षीण होते. अनुदानाने बाजार विस्कटतो हे आम्ही अर्थशास्त्रात शिकलो. तो बाजार जमिनीखालीही असू शकतो, हे मात्र कोणी शिकविले नव्हते.

याचा पुरावा आपल्याच संस्थांकडे आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० च्या दशकाच्या आरंभापासून निरनिराळ्या राज्यांत तेच शेत, तेच पीक आणि तीच खतमात्रा ठेवून दीर्घकालीन प्रयोग चालविले. रांची आणि पालमपूर येथील आम्लधर्मी जमिनींत केवळ नत्र देत गेलेल्या वाफ्यांचे उत्पन्न कोसळले. संतुलित रासायनिक खतांना शेणखताची जोड दिलेले वाफे टिकून राहिले. हॉवर्ड आणि त्याचे टीकाकार यांच्यातील वादाचा हा निवाडा मला सर्वांत विश्वसनीय वाटतो.

सूक्ष्मजीव राजपत्रात आले ते २००६ मध्ये. खत नियंत्रण आदेश प्रथम १९५७ मध्ये निघाला होता. म्हणजे जिवाणूंना त्याच्या कक्षेत यायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर, अॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांची मानके ठरली. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा दंडक आहे. पाकिटातील जीव मोजायला आपण शिकलो. शेतातील जीव मोजणे बाकी राहिले.

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे मृद आरोग्य पत्रिका योजनेचा आरंभ झाला. बागायतीत अडीच हेक्टरांमागे आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना, असे तिचे जाळे. इतक्या विशाल प्रमाणावर शेतकऱ्याच्या हाती त्याच्या मातीचा कागद देणे ही मोठीच कामगिरी आहे. पत्रिकेवर बारा घटक असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. एका राज्यातील प्रयोगशाळेत मी हे काम पाहिले आहे. नमुना सावलीत वाळवितात, लाकडी मोगरीने कुटतात आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात. चाळणीवर जे उरते ते फेकून देतात : मुळे, काड्या, क्वचित सुकलेले गांडूळ. रासायनिक परीक्षणासाठी हेच योग्य आहे. पण 'आरोग्य' हा शब्द छापण्याआधी आपण रहिवासी बाहेर काढून फक्त घराच्या भिंती तपासतो, हे ध्यानी असावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, पृथ्वीवरील निम्म्याहून अधिक जीवजाती, सुमारे ५९ टक्के, मातीत राहतात.

त्या बारांपैकी जिवंतपणाच्या जवळ जाणारा घटक एकच, सेंद्रिय कर्ब. अर्ध्या टक्क्याखाली तो कमी समजला जातो. तो जिवांची मोजदाद नव्हे, पण त्यांच्या शिधासामग्रीची आहे. उद्योगाच्या ताळेबंदात यंत्राचा घसारा लिहिला नाही तर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. जमिनीचा कर्ब मात्र वर्षानुवर्षे उतरत राहिला, तरी कोणत्याही खात्याच्या वार्षिक अहवालात तो तोटा म्हणून दिसत नाही. उलट त्याची भरपाई करणाऱ्या जादा युरियाचा खप प्रगती म्हणून नोंदला जातो.

माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक नमुन्याची जैविक तपासणी शक्य नाही. त्यासाठी ताजी, ओली माती थंड ठेवून प्रयोगशाळेत न्यावी लागते आणि तो खर्च परवडणार नाही. परंतु प्रत्येक जिल्ह्यातील मोजक्या, कायम ठरविलेल्या शेतांत दर काही वर्षांनी मातीचा श्वसनदर मोजता येईल. फावड्याने काढलेल्या ढेकळातील गांडुळे शेतकरी स्वतःच मोजू शकेल. आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा मागच्या पत्रिकेतील आकड्याशेजारी छापायला तर जवळजवळ काहीच खर्च येणार नाही. एका रकान्याचे हे काम आहे. त्या रकान्यात घट दिसू लागली की जिल्हाधिकाऱ्याच्या बैठकीत तिचे कारण विचारले जाईल, कृषिखात्याला उत्तर शोधावे लागेल आणि युरियाच्या दराचा प्रश्न वित्त विभागाच्या नस्तीतही मातीच्या नावाने येईल. प्रशासनात बदल बहुधा याच क्रमाने होतो.