स्थिरतेची अट

मेंदूचे चुंबकीय क्षेत्र प्रथम मोजले डेव्हिड कोहेन यांनी, १९६८ साली अमेरिकेत. १९७२ मध्ये त्यांनीच त्यासाठी अतिसंवाहक संवेदक वापरला. तो द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड ठेवावा लागे. म्हणून यंत्र अवजड, अचल, आणि माणसाने त्यात डोके न हलवता बसायचे. चुळबुळणारे मूल बहुधा अभ्यासाबाहेरच राहिले. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम व लंडन येथील संशोधकांनी रुबिडियमच्या वाफेवर चालणारे छोटे क्वांटम संवेदक डोक्यावरच बसवले, पृथ्वीचे उरलेसुरले क्षेत्र तारांच्या वेटोळ्यांनी नाहीसे केले. चहा पिणाऱ्या, चेंडू टोलवणाऱ्या माणसाचा मेंदू मोजता आला. विज्ञानाचा इतिहास आपण सिद्धांतांचा म्हणून वाचतो. साधनांनी कोणाला दाराबाहेर ठेवले, हाही त्या इतिहासाचाच प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.